खुर्चीनं दिलेली गोळी

फोन उचलला तर पलीकडून आधी रडणं ऐकू आलं, मग नळाचं पाणी.

"माझी मुलगी... तिला काहीतरी झालंय हो. पांढरीफटक पडलीय. लाळ थांबत नाहीये, उलट्या होतायत. मी पाण्यात मीठ कालवतेय, पोटातलं सगळं बाहेर काढते."

"मीठ बाजूला ठेवा," विषबाधा माहिती केंद्रातल्या बाई म्हणाल्या. "ओकारी काढायची नाही. घशात बोटं घालायची नाहीत. दूध नको, लिंबू नको, काही पाजू नका. वय किती?"

"चार."

"शुद्धीवर आहे? श्वास नीट चाललाय?"

"हो. पण पेंगतेय."

"तिला कुशीवर झोपवा. तोंड उघडून बघा. आत काही दिसलं तर काढा आणि ओल्या फडक्यानं जीभ, हिरड्या पुसून घ्या. पत्ता सांगा, मी रुग्णवाहिका पाठवते. ती येईपर्यंत फोन ठेवायचा नाही. तिला झटके आले किंवा श्वास अडखळला तर त्या क्षणी मला सांगायचं."

थोड्या वेळाने त्या आईचा आवाज परत आला. तोंडात काही नव्हतं, फक्त चिकट लाळ होती.

"वास कसला येतोय?"

"पुदिन्याचा."

"काय खाल्लं तिनं?"

"काहीच नाही. आमच्या घरात तसलं काहीच नाही हो."

बाईंनी मान हलवली. त्यांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत विष असलेलं घर त्यांना एकदाही भेटलं नव्हतं. प्रत्येक घरात काहीच नसतं आणि पोरं तरीही आजारी पडतात. म्हणून त्या विचारतच राहत, आणि म्हणून सहकाऱ्यांनी त्यांचं नाव चौकशीबाई ठेवलं होतं. हे नाव त्यांच्या कानावर आलं होतं. त्याची तेवढी त्यांनी चौकशी केली नव्हती.

संध्याकाळी इस्पितळातल्या डॉक्टरांनी कळवलं की पोरीच्या जिवाचा धोका टळला आहे आणि तिच्या लघवीत निकोटीन सापडलं आहे. तंबाखूतला तो जहाल पदार्थ. मोठ्या माणसाला ज्याने नुसती तरतरी येते तेवढ्याने एवढंसं लेकरू आडवं होतं. पण तिच्या उलटीत तंबाखूचा कणही नव्हता. घरात विचारावं तर सगळ्यांनी कानावर हात ठेवले होते.

"ती कशावर हात मारून बसली ते कळल्याशिवाय मी तिला घरी सोडणार नाही," डॉक्टर म्हणाले. "उरलेलं तिथेच कुठेतरी असणार. पुढच्या वेळी आईचं लक्ष वेळेवर जाईलच असं नाही."

आपलं काम फोनपुरतं, असं चौकशीबाईंचे साहेब नेहमी सांगत. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी रजेचा अर्ज टाकला आणि थेट इस्पितळ गाठलं.

पोरीला सगळे बटण म्हणत. तिच्या आजोबांचं घरालाच लागून दुकान होतं. जुने सोफे आणि खुर्च्या उसवायच्या, आतलं भरण बदलायचं आणि नव्या कापडाने मढवायच्या, हे त्यांचं काम. ही रांगायला लागली तेव्हापासून तिथल्या बटणांच्या डब्यात बसून खेळायची, तेच नाव पडलं.

बटण उशीला टेकून बसली होती. रंग परत आला होता. आईने तिचा एक हात धरून ठेवला होता. दुसऱ्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत बारीक ओरखडे होते आणि नखांत राखाडी रंगाचा पिंजलेला कापूस अडकला होता. मांजर असेल, असं नर्सने सांगितलं. घरात मांजर नव्हतं.

"गोळी कुणी दिली गं तुला?" बाईंनी विचारलं.

बटणने आधी आईकडे पाहिलं. "खुर्चीनं."

आईचे डोळे भरले. ती कालपासून हेच म्हणते आहे, असं तिने सांगितलं. डॉक्टरांच्या मते ते ग्लानीतलं बोलणं होतं.

"कशी होती गोळी?"

"तिखट. नाकात चुरचुरली. आजोबांची गोड असते."

आईने चमकून पाहिलं. "आजोबा तुला गोळ्या देतात?"

बटणने चादर डोक्यावरून ओढून घेतली आणि तोंडाला कुलूप लावलं. तिच्या दोन दाढा किडल्या होत्या आणि आईने घरात गोड गोळ्यांना बंदी घातली होती, हे बाईंना बाहेर आल्यावर कळलं. आईने ते नवऱ्याला लगेच फोन करून सांगितलं, तेही त्यांच्या कानावर पडलं. त्या फोनमुळे दुकानात काय होणार याची बाईंना कल्पना होती. त्या घाईने निघाल्या.

दुकान लांबट होतं आणि त्याला सरस, कापूस आणि जुन्या चामड्याचा वास होता. भिंतीला कापडाचे तागे उभे होते. मधल्या टेबलावर एका सोफ्याचा सांगाडा उलटा ठेवला होता, त्याच्या स्प्रिंगा वर आल्या होत्या. मागच्या भिंतीत घरात जायचं दार होतं आणि त्याला नवीकोरी कडी ठोकलेली होती. ठोकताना उडालेला लाकडाचा भुसा अजून खाली पडला होता.

पहिला भेटला तो कापड बेतणारा. गळ्यात कायम टेप असल्याने सगळे त्याला टेपच म्हणत. त्याच्या बोटांवर सिगारेटचे पिवळे डाग होते, तेव्हा त्याला प्रश्न अपेक्षितच होते.

"ओढता?"

"ओढतो. मागच्या अंगणात. थोटकं पत्र्याच्या डब्यात टाकतो, झाकण लावतो. पोरगी तिथं येत नाही."

"एकटेच ओढता?"

"आता एकटाच. काकू होत्या तेव्हा सोबत असायची. म्हणजे मालकांची बायको. गेल्या वर्षी गेल्या." त्याने टेप बोटाला गुंडाळला, उलगडला. "शेवटी शेवटी त्या नुसत्याच येऊन बसायच्या. गप्पा मारायला."

पुढे काही विचारणार तोच आतल्या बाजूने आवाज चढला.

म्हाताऱ्या मालकांचा मुलगा, बटणचा बाप, उभा होता; म्हातारा स्टुलावर बसला होता. हा मुलगा दुकानातलं तयार सामान व्हॅनने पोचवायचा. तो थकलेला होता आणि त्याचं डोकं फिरलेलं होतं. बायकोने नको म्हटलेलं असताना बाबा चोरून गोळ्या देत होते, काल पोरगी मरता मरता वाचली, तरी बाबांनी तोंड उघडलं नाही, हे सगळं तो एका दमात बोलला. चौकशीबाईंकडे त्याने नीट पाहिलंही नाही.

"बाबा, तुम्ही तिला काय दिलंत?"

"मी तिच्या हातात काही दिलं नाही."

"मग पोरगी खोटं बोलतेय का?"

म्हाताऱ्याने खाली पाहिलं. मोठे, कडक पडलेले हात त्याने गुडघ्यांमध्ये धरले होते. तो म्हणाला, "दिलंही असेल. आताशा माझं मलाच कळत नाही कुठं काय ठेवतो ते. माझ्याच हातून झालं असेल. तू म्हणतोस तसं कर."

मुलाने काय करायचं ते आधीच ठरवलं होतं; मागच्या दाराची कडीही त्यानेच ठोकली होती. ते तिघं महिनाअखेर दुसरीकडे राहायला जाणार होते. बटण या दुकानात पुन्हा पाऊल टाकणार नव्हती आणि आजोबांना भेटायचं तर आई-बापांपैकी कुणीतरी समोर असेल तेव्हाच. म्हातारा प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. इतक्या लवकर गुन्हा कबूल करणारा माणूस चौकशीबाईंनी कधी पाहिला नव्हता, आणि त्यांना तो कबुलीजबाब मुळीच पटला नाही.

त्यांनी म्हाताऱ्याकडे त्याच्या गोळ्या मागितल्या. त्याने सदऱ्याच्या खिशातून कागदात गुंडाळलेल्या पुदिन्याच्या गोळ्या काढल्या. बाईंनी एक सोलून तोंडात टाकली. गोड होती, अगदी गुळमट. तिखटपणाचं नाव नव्हतं.

"तुम्ही सिगारेट ओढता?"

"जन्मात हात लावला नाही. माझी बायको ओढायची. त्यातच गेली."

मग त्याने थोडंसं सांगितलं. दुकानातलं सगळं हातशिलाईचं काम बायकोचं होतं. तिचा टाका इतका बारीक की गिऱ्हाईक शिवण शोधत बसायचं. तिने सिगारेट सोडायचा बरेचदा प्रयत्न केला आणि दर वेळी याने गावभर दवंडी पिटली. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, आमच्या बाईसाहेबांनी सोडली बरं का. मग ती पुन्हा ओढायला लागली की सगळा रस्ता हसायचा, आणि हासुद्धा हसायचा. हे सांगताना त्याच्या तोंडावर जुन्या गमतीचं हसू आलं आणि तिथेच विरून गेलं.

"काल दुकानात कुठलं काम चाललं होतं?"

"काम काहीच नाही. ती खुर्ची तेवढी वरून खाली आणली. तिची आहे. वर्षभर हात लावला नव्हता. सूनबाई म्हणाली, मढवून घेऊ, वापरात राहील."

कोपऱ्यात हातांची एक रुंद खुर्ची होती. हिरवं कापड विटलेलं, डाव्या बाजूला बसणाऱ्याच्या कोपराने झिजलेलं. चौकशीबाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. बैठक आणि हात यांच्या मधल्या फटीत त्यांनी बोटं घातली. तळवा कसाबसा गेला, मनगटाशी अडला. आत कुठेतरी खिळ्यांची टोकं होती, ती बोचली. हात बाहेर काढला तेव्हा नखांत राखाडी कापूस होता.

त्या तशाच बसून राहिल्या. पोरीचं बोलणं ग्लानीतलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना एकदम वाईट वाटलं. चार वर्षांचं माणूस कालपासून खरं सांगत होतं.

त्यांनी सुनेला इस्पितळातून बोलावून घेतलं, नर्सला बटणपाशी बसवून. टेपलाही आत बोलावलं. सगळे आल्यावर त्या म्हाताऱ्याकडे वळल्या.

"तुम्ही मघाशी म्हणालात, तिच्या हातात काही दिलं नाही. ते खरं आहे. कारण तुम्ही हातात देतच नाही. तुम्ही लपवता. हो ना?"

म्हाताऱ्याचा चेहरा पडला.

"जुन्या सोफ्यांच्या फटींत काय काय सापडतं ते तुम्हाला धंद्यामुळे माहीत आहे. कंगवे, किल्ल्या, चिल्लर. नवीन खुर्ची आली की तुम्ही बटणला आत हात घालू देता. पण बहुतेक खुर्च्यांत काही नसतं आणि पोर हिरमुसतं. म्हणून ती यायच्या आधी तुम्ही एक गोळी आत सरकवून ठेवता. मग ती ओरडते, खुर्चीनं दिली. बरोबर?"

"आईला सांगायचं नाही, असं मीच तिला शिकवलं," म्हातारा म्हणाला. "कालही ठेवली. ती खेळत बसली, मी गिऱ्हाइकाशी बोलत होतो. नंतर तिला असं झालं. मला वाटलं, माझ्याच हातून भलतंच काहीतरी आत गेलं."

"मग काल का नाही सांगितलंत? डॉक्टर तासन् तास शोधत होते." बाईंचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला.

"सांगितलं असतं तर तिला माझ्याकडे परत येऊ दिलं नसतं."

बाईंनी त्याला खुर्चीपाशी बोलावलं. तुम्ही गोळी जिथे ठेवली तिथे हात घाला, म्हणाल्या. त्याने उजव्या फटीत दोन बोटं घातली आणि कागदातली पुदिन्याची गोळी बाहेर काढली. अख्खी होती, कागदाला चुरगळाही पडला नव्हता.

"तुमची गोळी तिला सापडलीच नाही. तिनं डाव्या बाजूनं सुरुवात केली. तिचा हात बारीक, तो कोपरापर्यंत आत गेला. खिळ्यांनी ओरखडला तरी तिनं काढला नाही, कारण आत गोळी असणारच हे तिला माहीत होतं. आता डावीकडचं कापड उसवा. सावकाश."

म्हाताऱ्याने पातळ पात्याने शिवण सोडवली. कापड दुमडून मागे केलं आणि तो थांबला. हाताच्या आतल्या अंगाला एक लहानसा खिसा शिवलेला होता. त्याच हिरव्या कापडाचा, तोंड फटीकडे. बसलेल्या माणसाची बोटं सहज पोचतील असा. म्हाताऱ्याने खिशाच्या कडेवरून अंगठा फिरवला. एकेक टाका मोजल्यासारखा फिरवला.

"हा तिचा टाका आहे," तो म्हणाला.

बाईंनी हातमोजे घालून खिसा रिकामा केला. लहान पांढऱ्या गोळ्या निघाल्या, उघड्याच. वेष्टन नाही, डबी नाही. पुदिन्याचा वास आला.

"सिगारेट सोडणारी माणसं या गोळ्या चघळतात. यात निकोटीन असतं, धुराशिवाय. मोठ्यांना उपयोगी. पण त्या मूळच्या डबीतच ठेवायच्या असतात, लहानांना उघडता येणार नाही अशी असते ती. डबीचा आवाज होतो, डबी दिसते, म्हणून त्यांनी ती फेकून दिली. तेवढीच त्यांची चूक. बटणला दोन-तीन गोळ्या हाताला लागल्या, तिनं त्या आजोबांच्या समजून खाल्ल्या."

सुनेने तोंडावर हात धरला. मुलगा म्हणाला, "पण आईनं सोडली नव्हती. शेवटपर्यंत तिच्या शालीला वास यायचा."

चौकशीबाईंनी टेपकडे पाहिलं. तो मघापासून जमिनीकडे बघत होता.

"तो वास माझा होता," टेप म्हणाला. "काकू शेजारी बसायच्या, पण हातात काही नसायचं. कुणाला सांगू नको म्हणाल्या. या वेळी जमलं नाही तर पुन्हा सगळे हसतील, म्हणाल्या. पक्कं झालं की मीच सांगेन यांना, असं त्यांचं ठरलं होतं. मग त्या गेल्याच. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द कसा मोडायचा?"

म्हाताऱ्याने गोळ्यांकडे बोट केलं आणि बाईंकडे पाहिलं. बाईंना प्रश्न कळला. त्यांनी गोळ्या टेबलावर दोन भागांत केल्या. काहींवर एक खूण होती, काहींवर दुसरी.

"या जास्त जोराच्या, या हलक्या. सुरुवातीला बरेचजण जोराच्या घेतात आणि जमायला लागलं की हलक्यांवर येतात. बघा, जोराच्या थोड्याच राहिल्यात. खालीच पडून होत्या. वरच्या सगळ्या हलक्या." त्या थांबल्या. "त्यांची सुटत आली होती."

म्हातारा खुर्चीच्या हातावर कपाळ टेकून रडला. आवाज न करता, पाठ हलत होती तेवढीच. विष सापडलं होतं, गुन्हेगारही सापडला होता, आणि चौकशीबाईंना आपण कुणाचं तरी काहीतरी चोरून उघडं केल्यासारखं वाटत होतं. त्यांनी गोळ्या डॉक्टरांसाठी पिशवीत बंद केल्या आणि सगळ्यांना हात धुवायला लावले, कारण दुसरं काय करावं ते त्यांना सुचेना.

पिशवी इस्पितळात पोचवायची होती. सून पुढे निघून गेली. मुलाने बाईंना व्हॅनमध्ये बसायला सांगितलं आणि मग वडिलांना म्हणाला, "चला, तुम्ही पण." जेवायला चला म्हणावं तसंच म्हणाला.

तिघे पुढच्याच बाकावर बसले. म्हातारा मध्ये होता. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तो समोर बघत बोलू लागला.

"ती गेली त्याच्या आदल्या दिवशी शालीला वास आला मला. मी तिला काय बोललो ते तुला माहीत नाही."

"माहीत आहे," मुलगा म्हणाला. "'तुला जगायचंच नाहीये, मग आम्ही कशाला जीव टाकायचा,' असं म्हणालात. मी दारात होतो."

म्हातारा त्याच्याकडे वळला. वर्षभर मुलगा आपल्याशी तुटक का बोलत होता, घरात आपल्या बाजूला का बसत नव्हता, हे त्याला बहुधा त्या क्षणी कळलं. चौकशीबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. या गाडीत आपण नसायला हवं होतं, असं त्यांना वाटलं.

"ती काय म्हणाली ते पण ऐकलंस का?"

"बरं, म्हणाली. एवढंच."

"तिला सांगता आलं असतं रे. सोडलीय म्हणून तोंडावर फेकता आलं असतं माझ्या."

सिग्नल सुटला. मागची गाडी वाजली, पण मुलाने गिअर टाकला नाही. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि तो पुढच्या काचेकडे बघत होता.

"बाबा, तुम्ही बोलायच्या आधी सकाळी मी बोललो होतो तिला," तो म्हणाला. "माझ्या पोरीला जवळ घेऊ नकोस, म्हणालो. वास येतो तुझा. मला पण ती नुसतं बरं म्हणाली."

म्हाताऱ्याने मुलाच्या हातावर हात ठेवला. मागच्या गाड्या वाजतच होत्या. मग मुलाने डोळे पुसले आणि व्हॅन पुढे घेतली.

इस्पितळात डॉक्टरांनी पिशवी पाहिली, कागदावर सही केली आणि दुपारनंतर घरी न्या म्हणून सांगितलं. म्हातारा वॉर्डाच्या दाराशी उभा राहिला. आत जायचं का, हे त्याने मुलाला विचारलं. मुलाने दार ढकलून उघडलं आणि वडिलांना आधी जाऊ दिलं.